आईसाठी लॅपटॉप: भुलाबाईच्या अकरा वह्या टाइप करायच्या आहेत, बजेट पन्नास हजार (नागपूर)

संत्राबर्फी | शुक्रवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळायचा नाही.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. काटोल, नरखेड भागात तिची बरीचशी नोकरी झाली. जिथं बदली होईल तिथल्या बायांजवळ बसून तिनं भुलाबाईच्या सणात मुली म्हणतात ती गाणी आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. अशा अकरा वह्या घरात आहेत. सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत. पहिल्या दोन वह्यांची शाई इतकी फिकी पडली आहे, की पान खिडकीशी धरावं लागतं. आईला हे सगळं स्वतःच्या हातानं टाइप करायचं आहे. मी करून देते म्हटलं तर नको म्हणाली, कारण कुठला शब्द कोणत्या गावचा हे तिलाच माहीत.

वय 64. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, डाव्याचं बाकी आहे. पडद्यावर उजेड चमकला की तिला त्रास होतो. खांदा दुखतो. दिवसाला तीन-चार तास बसेल. टायपिंग इनस्क्रिप्टवर (मराठी कळांची प्रमाण मांडणी), आणि वेग माझ्यापेक्षा चांगला आहे. सध्याचा डेस्कटॉप 2014 चा, त्यात विंडोज 7. त्यावर दोन वह्या आधीच टाइप झाल्या आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये.

दादा हैदराबादला असतो. तो म्हणतो, गेमिंग लॅपटॉप घे, आय7 घे, पुढची दहा वर्षं बघायला नको. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. आम्ही मानेवाड्याला राहतो, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन घ्यायची तयारी आहे. बजेट पन्नास, फार तर दोन-तीन हजार वर.

बर्डीवाला | शुक्रवार, रात्री 10:15

ताई, तुमचे दादा बरोबर सांगून राहिले. एकदाच घ्यायचं तर दणकट घ्या. 16 जीबी रॅम, 512 ची एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड. बजेट सत्तरपर्यंत न्या. नंतर पस्तावण्यापेक्षा आता वीस हजार जास्त गेलेले बरे.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री 11:05

बर्डीवाला भाऊ, 16 जीबी आणि एसएसडीचं मान्य. ग्राफिक्स कार्डाचं मान्य नाही. ते कार्ड खेळांसाठी, थ्रीडीसाठी, व्हिडिओ कापण्यासाठी असतं. ओवी टाइप करताना ते झोपलेलंच राहणार आणि काकूंनी मात्र सव्वादोन-अडीच किलोचं मशीन उचलायचं. वरून चार्जर विटेएवढा. दुखऱ्या खांद्याला ही शिक्षा कशाला? दादांची काळजी खरी आहे, पण ते स्वतःला काय लागतं ते सांगून राहिले, काकूंना काय लागतं ते नाही.

आता प्रोसेसरच्या नावांबद्दल सविस्तर लिहितो, कारण दुकानात गिऱ्हाईक इथंच फसतं. आय3, आय5, आय7 हे नुसते आकडे ऐकून काही कळत नाही. पिढी बघावी लागते. सातव्या पिढीचा आय7 विंडोज 11 साठी मान्य नाही (एखाद-दुसरा अपवाद आहे), आणि आठव्या पिढीचा आय3 मान्य आहे. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, म्हणून आता विंडोज 11 चालणारंच मशीन बघायचं. इंटेलच्या नावात शेवटी यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जोमदार पण तापणारा.

एएमडीमध्ये आणखी एक गोम आहे. रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू. एका आकड्याचा फरक, डबे शेजारी शेजारी ठेवलेले. या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. 7520 मध्ये झेन 2 आहे, म्हणजे 2019 ची रचना, चार कोअर, आणि रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली. 7530 मध्ये झेन 3, सहा कोअर. दोन्हींवर रायझन 5 चं तेच स्टिकर. पुढचा 7 पाहून दोन्ही सारखेच नवे वाटतात. 7520 वाईट नाही, टायपिंगला पुरेल, पण तो 8 जीबी रॅमसह घेतला तर ती कधीच वाढवता येत नाही. दुकानात एवढंच विचारा: रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, की सगळी बोर्डावर सोल्डर केलेली? उत्तर गोलमाल आलं तर पुढच्या दुकानात जा.

2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत. "आठची घ्या, नंतर वाढवू" हा हिशेब पूर्वीसारखा स्वस्तात पडत नाही. सोळाचीच घ्या.

ऊनतापतंय | शनिवार, सकाळी 7:20

नागपूर आहे म्हणून उन्हाळ्याचं लिहितो. बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर वापराचं तापमान 35 अंशांपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 असतं आणि दुपारी वरच्या मजल्यावरची खोली सहज 38-40 ला जाते. म्हणून तापणारं मशीन आपल्याला परवडत नाही. पंखा सतत ओरडतो आणि बॅटरी लवकर बसते.

दुसरं, कूलर. कूलरच्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका. ओली हवा आणि वाळ्याच्या ताट्यांतला कचरा सरळ आत जातो. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपचा पंखा दोन उन्हाळ्यांत जाम झाला. उघडला तर जाळीवर गवताच्या काड्या आणि धुळीचा थर, नमद्यासारखा. कूलर पाठीमागे किंवा बाजूला घ्या. गादीवर, उशीवर मशीन ठेवू नका, खालून हवा घेतं ते.

तिसरं. दिवसभर चार्जर लावून काम होणार असेल तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये असते. उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेली बॅटरी, दोन्ही एकत्र आलं की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. आणि मृगाच्या आधी कडकडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा. बटण बंद करणं पुरत नाही.

संत्राबर्फी | शनिवार, सकाळी 9:10

पाटीपेन्सिल, ऊनतापतंय, दोघांचे मनापासून आभार. दादाला धाग्याची लिंक पाठवली. तो म्हणाला, "खांद्याचं मला सांगितलंच नाही कुणी." खरं आहे, आई फोनवर सांगत नाही.

एक विचारायचं होतं, जुना घेतला तर? आमच्या मावसभावाला एका दुकानदारानं वापरलेलं मशीन नवं म्हणून विकलं होतं. सील लावलेला डबा, वर नवी पिशवी. तीन महिन्यांनी बिघडलं तेव्हा कळलं की वॉरंटी दीड वर्षापूर्वीच सुरू झाली होती. आधीच्या वर्षी भावानं ट्यूशन घेऊन ते पैसे जमवले होते. तेव्हापासून घरात सगळ्यांना धास्ती आहे.

जुनंखणखणीत | शनिवार, सकाळी 10:30

फसवून नवा म्हणून विकलेला वेगळा आणि सांगून विकलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, पण तपासून दुरुस्त केलेला) वेगळा. माझ्याकडे चार वर्षांपासून रिफर्बिश्ड थिंकपॅड टी480 आहे. 2018 चं मशीन, आठव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज 11 अधिकृत चालतं. कळा खोल दाबल्या जातात, बोटाला समजतं. मागची बॅटरी काढून बदलता येते. रॅमला दोन स्लॉट. निव्वळ टायपिंगला पंचवीस हजारांच्या आत असं दुसरं काही मिळणार नाही.

पण ताई, तुमच्या आईसाठी मी हे सुचवणार नाही. त्या मॉडेलचे पडदे बहुतेक मंद असतात, रंग उडालेले. माझे डोळे अजून चांगले आहेत म्हणून चालून जातं.

डबा सीलबंद असो की उघडा, पैसे देण्याआधी मशीनच्या पाठीवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख तिथंच काउंटरवर बघायची. दोन मिनिटांचं काम आहे.

कळफलक | शनिवार, दुपारी 1:45

मी वीस वर्षं मराठी टायपिंग शिकवलं आहे, म्हणून फक्त पडदा आणि कळांबद्दल लिहिते. तीन-चार तास रोज बसणाऱ्या बाईला प्रोसेसर दिसत नाही. तिला दिसतो पडदा, आणि बोटांना लागतात कळा.

15.6 इंची लॅपटॉपला बहुतेक वेळा उजवीकडे आकड्यांचा पट्टा असतो. त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात. मनगटं पडद्याच्या मध्यापासून डावीकडे जातात आणि मान उजवीकडे वळते. तासाभरात जाणवत नाही, महिनाभरात जाणवतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, दोन्ही हात सारखे राबतात, म्हणून कळा शरीराच्या बरोबर समोर पाहिजेत. 14 इंची बघा. पट्टा नसतो, वजनही दीड किलोच्या आसपास.

14 इंची म्हणजे अक्षर लहान, अशी भीती वाटेल. ते सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली "टेक्स्ट साइझ" म्हणून असतं, 225 टक्क्यांपर्यंत वाढतं. वर्डमध्ये पान झूम करता येतं ते वेगळंच. 16:10 चा पडदा मिळाला तर उंची जास्त मिळते, कडव्याच्या दोन ओळी अधिक दिसतात. पॅनेल आयपीएस (बाजूनं बघितलं तरी अक्षर स्पष्ट दिसतं) आहे का विचारा, मॅट (न चमकणारं) आहे का ते स्वतः बघा. स्वस्त टीएन पॅनेल असेल तर मान जरा हलली की अक्षरं पांढुरकी होतात.

आणि एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. चंदेरी कळांवर पांढरी-राखाडी अक्षरं असतात, खालून पांढरा बॅकलाइट. दिवसा तो दिवा लागला की अक्षर कळेच्या रंगात विरघळून जातं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती कळ कोरी दिसते. काळी कळ, पांढरं अक्षर, हेच घ्या.

आईला सोबत नेल्याशिवाय घेऊ नका. वही पण न्या. "दुसऱ्या" आणि "वाऱ्यावर" हे दोन शब्द टाइप करायला लावा. ऱ्य साठी शिफ्टसह जे, मग डी, मग य ची कळ म्हणजे उजव्या टोकाचा स्लॅश. शिफ्ट आखूड असली, स्लॅश कोपऱ्यात चेपलेला असला, तर तिथंच बोट चुकेल.

वर्धारोड | शनिवार, दुपारी 3:00

टॅब आणि वेगळा कीबोर्ड? किंवा क्रोमबुक? हलकं, स्वस्त.

कळफलक | शनिवार, दुपारी 3:25

क्रोमबुक नुसत्या ब्राउझरवर काम करणाऱ्यांना छान. काकूंच्या दोन वह्या जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत, त्या सोडवायला विंडोज आणि वर्ड हाताशी असलेलं बरं. टॅब मांडीवर डुगडुगतो.

संत्राबर्फी | रविवार, रात्री 8:50

आज मेट्रोनं बर्डीला जाऊन आलो, आई, मी आणि आईची सातवी वही. मोदी नंबर 3 कडच्या गल्ल्यांत आणि मेन रोडला मिळून पाच दुकानं केली. घेतलं नाही अजून, पण जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या दुकानात मुलगा माझ्याशीच बोलून राहिला. आईकडे एकदाही बघितलं नाही. मी म्हटलं, वापरणारी ती आहे, तर म्हणाला, "मग काकूंना साधंच दाखवतो," आणि 7520यू, 8 जीबीवालं काढलं. मी स्लॉटचं विचारलं. त्यानं आत जाऊन विचारून आल्यावर नाही म्हणून सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा होता.

दुसऱ्या-तिसऱ्या दुकानात टाइप करू दिलं नाही, काचेतूनच बघा म्हणे.

चौथ्या दुकानातल्या दादांनी मात्र स्टूल दिलं, मशीन टेबलावर ठेवलं आणि विंडोजमध्ये मराठी टायपिंग स्वतः सुरू करून दिलं. आईनं पिशवीतून वही काढली, चष्मा पुसला, एक कडवं टाइप केलं. पहिलं मशीन चंदेरी होतं. कळफलक ताई, तुम्ही सांगितलं अगदी तसंच झालं. पाठ असलेल्या कळा बरोबर पडल्या, पण ळ शोधताना ती थांबली, वाकली, कळेवर बोट ठेवून तिरकं बघत राहिली. मग दिवा बंद केला तेव्हा अक्षर दिसलं. दुसरं 15.6 चं. त्यावर चार ओळी झाल्यावर तिनं न सांगता मशीनच उजवीकडे सरकवून घेतलं, कळा समोर याव्यात म्हणून. आता पडद्याचा मधला भाग उजव्या खांद्यासमोर आला. मी काही बोलले नाही, फक्त बघत होते.

तिसरं 14 इंची, काळं, मॅट. त्यावर ती बसली ती उठेचना. पूर्ण गाणं टाइप केलं आणि मग म्हणाली, "हे कागदासारखं दिसतं."

रायझन 5 7530यू, 16 जीबी, 512 एसएसडी, आयपीएस, 1920 बाय 1200. जीएसटीसकट 51,500 सांगितले. सोबत एक वर्षाची वॉरंटी.

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री 9:15

घ्या. चांगलं आहे. फक्त हे विचारून घ्या: वॉरंटी ऑनसाइट आहे की मशीन घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं? 16 जीबीपैकी किती बोर्डावर आणि किती स्लॉटमध्ये? सोबत ऑफिस येतंय का? येत असेल तर ते आईच्या स्वतःच्या ईमेल खात्यावर चालू करा, दुकानदाराच्या नको, नाहीतर पुढे मशीन फॉरमॅट झालं की ऑफिस हातचं जातं. बिलावर सिरीयल नंबर लिहिलेला पाहिजे. "जीएसटीशिवाय दोन हजार कमी" असं कुणी म्हटलं तर तिथून निघा.

अंबाझरी | रविवार, रात्री 10:40

घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आमच्या महाल भागातल्या जुन्या घरी तीन पिनांचा प्लग होता, पण तिसऱ्या भोकात तारच नव्हती. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या यायच्या. आई घाबरून हातच लावेना. वायरमननं अर्थिंगची तार ओढल्यावर थांबलं.

संत्राबर्फी | बुधवार, रात्री 9:30

घेतला. ऑनसाइट वॉरंटी आहे, 8 बोर्डावर आणि 8 स्लॉटमध्ये. सिरीयल नंबर काउंटरवरच तपासला, वॉरंटी आजच्या तारखेपासून. मावसभावाला मुद्दाम सोबत नेलं होतं, नंबर त्यानंच टाकला. पैसे दादानं दिले. बिलावर नाव आईचं घातलं.

आता जुन्या फायली. नव्या मशीनवर उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसून राहिलं. आईचा चेहरा उतरला. दोन वह्यांचं काम आहे ते.

कळफलक | बुधवार, रात्री 10:05

काही गेलेलं नाही, काकूंना आधी हे सांगा. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांना इंग्रजी अक्षरांच्या जागा दिलेल्या असतात. फॉन्ट नाही, म्हणून खालचं इंग्रजी उघडं पडलं. जुन्या डेस्कटॉपवरून फॉन्टची फाइल आणून बसवा, मजकूर परत दिसेल. पण तिथंच थांबू नका. त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते ती पद्धत) रूपांतर करणारा कन्व्हर्टर वापरा, फुकट मिळतात, फॉन्टचं नाव मात्र अचूक निवडायचं.

रूपांतरानंतर तीन जागा डोळ्यांखालून घाला. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षरापाशी ती भलत्याच अक्षराला चिकटते. रफार: तोही सरकतो. आणि ऱ्या, ऱ्ह: इथं "दुसर्या" असं होऊन बसतं. मूळ फायली तशाच ठेवा, पुसू नका.

आणि टायपिंग सुरू करायच्या आधी अकराही वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, पान सपाट दाबून. फिक्या शाईच्या दोन वह्या सगळ्यात आधी. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एक दादांकडे हैदराबादला.

संत्राबर्फी | पुढचा रविवार, संध्याकाळी 6:15

पहिल्या दोन वह्यांचे फोटो झाले, दादाकडे पोचले. त्यानं काल रात्री दोन तास बसून ते बघितले. एका पानाच्या कोपऱ्यात त्याच्याच लहानपणच्या पेन्सिलच्या रेघोट्या निघाल्या.

खाली आई लिहितेय.

संत्राबर्फी (आई) | पुढचा रविवार, संध्याकाळी 6:40

सर्वांना नमस्कार. आपण सर्वांनी ओळख नसताना एवढा वेळ दिला, मी आभारी आहे.

अक्षर स्वच्छ दिसते. रोज सकाळी तीन पाने होतात. रूपांतर केलेल्या फायलीत रफाराच्या चुका फार आहेत, पण त्या दुरुस्त करताना गाणी पुन्हा वाचून होतात आणि एका गाण्याचे काटोलकडचे आणि नरखेडकडचे पाठ निराळे आहेत हे आता शेजारी शेजारी ठेवून दिसते. वहीत ते दिसत नव्हते. भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसतात आणि कोजागिरीला उठतात. या वर्षी त्या बसण्याच्या आत पहिल्या चार वह्या पूर्ण करायच्या आहेत.

एक अडचण आहे. वर-खाली जाणारे बाण अर्ध्या उंचीचे आहेत. वर जायचे तर खाली जाते. शब्द दुरुस्त करताना पुष्कळ वेळ जातो. यावर काही उपाय आहे का?

कळफलक | पुढचा रविवार, संध्याकाळी 7:05

बाई, नमस्कार. कंट्रोल दाबून डावा-उजवा बाण दाबला की एकेक अक्षर न जाता शब्दाशब्दानं जाता येतं. कंट्रोल दाबून वर-खाली दाबलं की परिच्छेदापरिच्छेदानं. प्रत्येक कडव्यानंतर एंटर देत असाल तर कडव्यावरून कडव्यावर जाल. आणि वरच्या बाणाच्या कळेवर एक छोटा फुगीर स्टिकर चिकटवा, टिकलीसुद्धा चालते. बोटाला न बघता कळेल.